कमावलेला ब्रश

आमच्या साडूंइतका रुक्ष माणूस आणि मऊपणाचा एवढा मोठा जाणकार ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरा झाला नसेल. हे दोघे एकाच अंगात राहत होते आणि त्यांची आपसात कधी ओळख झाली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते माल तपासणीच्या विभागात होते आणि कोपरखैरण्याच्या एका बैठ्या घरात राहत. शेजारी आजारी पडला की ते चौकशीला जात आणि ‘हे तुम्ही स्वतः ओढवून घेतलंत’ एवढे सांगून परत येत. ताईंनी केलेल्या स्वयंपाकाबद्दल त्यांनी काढलेला सर्वांत चांगला उद्गार ‘चालेल’ हा होता. कोवळा, हळुवार, लोण्यासारखा हे शब्द मात्र त्यांना येत होते. ते शब्द त्यांनी दाढीच्या ब्रशसाठी राखून ठेवले होते आणि इतरत्र कुठेही खर्च केले नाहीत.

हा नाद त्यांना कारखान्यात लागला. रंगाचा हात कसा बसतो ते बघायला तिथे डुकराच्या केसांचे ब्रश वापरत. डुकराचा केस टोकाला फाटतो, त्याला बारीक फाटे फुटतात आणि वापर वाढेल तसतसे ते मऊ होत जातात, हे साडूंनी तिथे पाहिले. मग त्यांनी दाढीसाठी तसाच ब्रश क्रॉफर्ड मार्केटमधून शोधून आणला. पुढे कारखान्यात यंत्रे बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनियरने जाताना त्यांना बॅजरच्या केसांचा ब्रश भेट दिला. बॅजर म्हणजे काय, हे कोपरखैरण्यात कोणालाच माहीत नव्हते. साडू सांगत, ‘अस्वल आणि मुंगूस यांच्यामधलं काहीतरी. बिळात राहतं.’ तेव्हापासून कित्येक वर्षे त्यांनी डावा गाल डुकराच्या ब्रशने आणि उजवा बॅजरच्या ब्रशने घोळला. मधल्या हनुवटीचे काय, असे मी एकदा विचारले. ‘तिथे कातडी जाड असते. तिचं मत धरत नाही,’ ते म्हणाले.

त्यांच्या घरी गेले की चहाच्या आधी मनगट पुढे करावे लागे. माझ्या वर्तमानपत्रातल्या नोकरीवरून ते मला ‘पत्रकार’ म्हणत, आणि त्या शब्दात आदर नसे. ‘पत्रकार, मनगट. डोळे मिटा.’ मग एक ओला ब्रश फिरे, त्यामागून दुसरा. ‘कुठला मऊ?’ मी दर वेळी बॅजरकडे बोट दाखवी, कारण तो होताच मऊ. पाणी धरून ठेवणारा, कापसासारखा, कुठेही न टोचणारा. साडूंच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. ‘तुम्ही तेच म्हणणार. पेपरवाले. बॅजर मऊ जन्मतो. डुक्कर मऊ होतो. नवा असताना टोचतो, ओला झाला की वास मारतो, भिजवल्याशिवाय हलत नाही. पण एकदा कमावला की टोकाला मऊ आणि कमरेत ताठ. तुमचा बॅजर गालावर नुसता लोळतो. मऊ जन्मलेल्याचं कौतुक कसलं?’

हाच न्याय ते माणसांना लावत. विभागात नवा मुलगा आला की पहिले वर्षभर ते त्याला कामाच्या जागी धड उभे राहू देत नसत. टोके फाटल्याशिवाय मऊपणा येत नाही, हा त्यामागचा विचार. ब्रशच्या बाबतीत तो खरा होता. माणसांच्या बाबतीत तो खरा ठरल्याचे माझ्या पाहण्यात नाही; ती मुले बदली मागून घेत किंवा नोकरी सोडून जात. घरात त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली याच पद्धतीने वाढली. तिचे मार्क, तिचे अक्षर, तिने बांधलेली वेणी, यांपैकी काहीही त्यांच्या तपासणीत पास झाले नाही. ती गप्प होत गेली. गप्प होणे आणि मऊ होणे यांतला फरक साडू ब्रशमध्ये बरोबर ओळखत असत.

एकदा ते मोरीत घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दाढीसाठी सलूनमध्ये जाणे आले. ते स्वतःचा ब्रश आणि स्टीलची वाटी घेऊन गेले आणि गरम पाणी मागून ब्रश भिजत घातला. रविवार होता. सलूनवाला वस्तरा हातात धरून उभा. ‘साहेब, लोकं लाईनीत बसलीत. हा भिजतोय तोवर मी काय भजन करू?’

‘दुसऱ्याची करून घ्या.’

‘मग दुसरा उठेपर्यंत पाणी थंड. परत तुमी गरम मागनार.’

‘मागणार.’

‘मंग असं करा, तुमी ब्रशला ठेवून जा. त्याचं झालं की तुमाला बोलावतो.’

रांगेतले लोक हसले. साडू हसले नाहीत. पाणी तीनदा बदलून त्यांनी दाढी करवून घेतली, आणि हात बरा होईपर्यंत तो सलूनवाला त्यांना लांबून पाहिले की पंखा बंद करून ‘लाईट नाही’ असे सांगत राहिला.

बॅजरचा शेवट कावळ्याने केला. दाढी झाली की दोन्ही ब्रश अंगणातल्या दोरीला चिमट्याने उलटे टांगले जात. एका सकाळी कावळा आला, दोन्ही ब्रशांना त्याने चोच लावून पाहिली आणि बॅजरचा घेऊन गेला. घरट्यासाठी नेला असावा. ताईंनी आरडाओरडा केला. साडू दारातूनच म्हणाले, ‘नेऊ दे. त्यालाही मेहनत नको आहे.’ त्यानंतर दोन्ही गाल डुकराकडे गेले आणि तुलना संपली. निकाल मात्र त्यांनी आधीच लावून ठेवला होता.

वैशालीचे लग्न नेरूळच्या एका घरात ठरले. मुलगा बँकेत, शांत, आईच्या शब्दाबाहेर नसलेला. घरात वडील, आई आणि माळकरी आजी. देण्याघेण्याची बोलणी सभ्यपणे झाली. त्या काळी जावयाच्या आहेरात सूटपीस आणि अंगठीबरोबर दाढीचा सेट असायचाच. मखमली खोक्यात रेझर, आरसा, साबणाची वाटी आणि ब्रश. ताईंनी तो वाशीहून आणला. साडूंनी खोके उघडले, आतल्या नायलॉनच्या ब्रशवरून अंगठा फिरवला आणि तो बाहेर काढला. ‘याने भांडी घासा,’ ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते क्रॉफर्ड मार्केटला गेले आणि डुकराच्या केसांचा नवा ब्रश घेऊन आले. इथपर्यंत सर्व ठीक होते.

साखरपुड्यापासून लग्नापर्यंत सहा महिने होते. तेवढे दिवस साडूंनी तो ब्रश स्वतःच्या गालावर कमावला. सकाळी दाढी त्याच ब्रशने, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर दाढी नसताना नुसता फेस. घोळायचा, धुवायचा, पुन्हा घोळायचा. नव्या केसांनी त्यांचे गाल सोलून निघाले. कारखान्यात लोकांना वाटले काहीतरी त्वचेचा विकार झाला आहे. ताईंनी समजावून पाहिले. ‘अहो, लग्नात तोंड कसं दिसेल तुमचं?’

‘माझं बघायला कोण येतंय? नवऱ्यामुलाचं नीट दिसलं पाहिजे.’

‘मग नवाच द्या की त्यांना.’

‘नवा द्यायला अक्कल लागत नाही. तो चार-सहा महिने बोचणार, आणि माणूस कंटाळून फेकून देणार. आता जे बोचायचं ते मला बोचून झालं.’

मला वाटते, आयुष्यात हे त्यांच्या तोंडून निघालेले सर्वांत प्रेमळ वाक्य होते, आणि ते मुलीने ऐकले नाही. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. मनगट, डोळे बंद. आधी काही लागलेच नाही, आणि मग ओलसर ऊब जाणवली. मी तसे सांगितले. त्यांनी ब्रश पंच्याने टिपला, उजेडात धरून पाहिला आणि खोक्यात ठेवला. ‘वैशालीला बोलू नका,’ ते म्हणाले. ‘जावई आपणहून विचारतील, ब्रश कुठला म्हणून. तेव्हा मी सांगेन.’

जावयांनी विचारले नाही. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांसमोर आहेराची खोकी उघडली गेली. ब्रशच्या केसांच्या मुळाशी साबणाचा पांढरा थर होता आणि त्यात अडकलेला एक आखूड, पिकलेला केस. जावयांच्या आत्याने तो ब्रश सगळ्यांना फिरवून दाखवला. वर्तमानपत्रातल्या नोकरीमुळे माझ्याकडे फोन होता, साडूंकडे नव्हता. म्हणून विहीणबाईंचा फोन मला आला. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. ‘आम्ही काही मागितलं नव्हतं हो. पण दिलंत ते तरी कोरं द्यायचं. माझ्या मुलाने दुसऱ्याच्या थोबाडावरचा ब्रश लावायचा का?’

मी निरोप पोहोचवला. साडू गोंधळले. आपण दिलेली वस्तू समोरच्याला कळली नाही, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी लावला. ‘त्यांना माहिती नाही,’ ते म्हणाले. ‘समजावून सांगितलं की झालं.’ ताईंनी नका जाऊ म्हणून सांगितले. पुढच्या रविवारी ते नेरूळला गेले आणि मला बरोबर नेले.

त्या दिवाणखान्यात त्यांनी जे केले त्याला माफी म्हणता येणार नाही. ते व्याख्यान होते. त्यांनी केस टोकाला कसा फाटतो ते सांगितले. मऊ जन्मणे आणि मऊ होणे सांगितले. कारखान्यातल्या रंगाचे उदाहरण दिले. शेवटी ते व्याह्यांना म्हणाले, ‘जरा मनगट पुढे करा.’ व्याह्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. कोपऱ्यात माळ ओढत बसलेल्या आजींनी मान वर केली.

‘कशाचे केस म्हणालात?’

‘डुकराचे, आजी. पण उकळून घेतलेले असतात.’

आजींनी पदर नाकाला लावला. आत देवघर होते आणि खोके देवघराच्या शेजारच्या कपाटात होते. इतका वेळ ब्रश फक्त वापरलेला होता. आता तो डुकराचाही झाला. विहीणबाई म्हणाल्या, ‘ऐकलंत ना सगळ्यांनी? मला काही बोलायचंच नाही.’ मग त्या बराच वेळ बोलल्या.

स्वयंपाकघराच्या दारात वैशाली उभी होती. ती आत गेली आणि ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली. पिशवीला तिने गाठ मारली होती. ती वडिलांना म्हणाली, ‘पप्पा, हे घेऊन जा.’ आणि खालच्या आवाजात, ‘एक नवा आणता आला नाही तुम्हाला?’

साडूंनी पिशवी घेतली. आम्ही निघालो तेव्हा विहीणबाई दाराशी आल्या. ‘दिवाळसणाचं नंतर बघू,’ त्या म्हणाल्या. लग्नानंतरची पहिली दिवाळी मुलीने आणि जावयाने माहेरी करायची असते. ती होणार की नाही, हे आता त्यांच्या हातात होते, आणि त्यांनी ते आम्हाला कळू दिले. रिक्षात साडूंनी पिशवी मांडीवर धरली होती. वाशी ओलांडल्यावर एकदाच म्हणाले, ‘तिला तरी कळायला पाहिजे होतं.’ ते कळावे म्हणून आपण तिला कधी काय सांगितले होते, याचा विचार त्यांनी केला असावा, कारण पुढचे वाक्य त्यांनी अर्धेच सोडले.

त्यानंतरच्या महिन्यांची बातमी माझ्या बायकोमार्फत कळत असे. वैशाली बाजारात जाताना रस्त्यावरच्या बूथवरून मावशीला फोन करी. सासरी भांडण नव्हते. भांडण परवडले असते. कालची भाजी उरली की विहीणबाई म्हणत, ‘तिला वाढा, त्यांच्याकडे वापरलेलं चालतं.’ तिने माहेरची साडी नेसली की विचारत, ‘ही तरी कोरी ना?’ कोणी पाहुणे आले की ब्रशची गोष्ट निघे आणि चहा तिलाच द्यायला लागे. जावई वर्तमानपत्र वाचत. ताईंनी हे सगळे साडूंना सांगितले.  त्यानंतर ते जहाजावर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या घरी चकरा मारू लागले. जहाज परत आले तेव्हा साडूंच्या हातात एक लहान खोके होते, परदेशी, सीलबंद. त्यात बॅजरचा ब्रश होता.

दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा नेरूळला गेलो. या वेळी साडूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बोलायचे काय ते ठरवून आले होते, कारण वाटेत त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी खोके विहीणबाईंपुढे ठेवले.

‘हा तरी नवा आहे ना?’

‘सील आहे. तुमच्याच हाताने फोडा.’

‘आणि हा कशाचा?’

‘बॅजरचा.’

‘म्हणजे मांजराचा?’

‘नाही. परदेशी जनावर आहे. डुक्कर नव्हे.’

आजींकडे पाहून घेऊन विहीणबाईंनी सील फोडले. ब्रश तळहातावर दाबून पाहिला. तो मऊ होता, तो नेहमीच मऊ असतो. ‘बघा,’ त्या म्हणाल्या, ‘असा द्यायचा असतो. मग तेव्हा तो तसला का दिलात?’

मला साडूंचा स्वभाव ठाऊक होता. मी दाराकडे पाहिले, चपला कुठे काढल्या आहेत ते पाहिले. वैशाली पाण्याचे पेले घेऊन उभी होती आणि तिने ते खाली ठेवले नव्हते. साडू म्हणाले, ‘चूक झाली. तो ब्रश चांगला नव्हता. मऊपणा यातच असतो.’

हे त्यांनी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. विहीणबाईंचे समाधान झाले. त्यांनी वैशालीला बेसनाचे लाडू आणायला सांगितले आणि दिवाळसणाला मुलाला एकच दिवस रजा आहे हेही सांगितले. जावई आतून आले, त्यांनी ब्रश हातात घेतला आणि सौजन्याने म्हणाले, ‘छान आहे. मी तसा हल्ली मशीननेच करतो, पप्पा.’ भिंतीवरच्या आरशाखाली ते मशीन चार्जिंगला लावलेले होते. सत्यनारायणाच्या आधीपासून ते तिथेच असावे. ब्रश शोकेसमध्ये, काचेच्या बदकाशेजारी ठेवला गेला.

दिवाळसण व्यवस्थित पार पडला. वैशाली आणि जावई सकाळीच स्कूटरवरून आले. ताईंनी पाट मांडला, तेल-उटणे झाले, ओवाळणी झाली, जावयांना सूटपीस दिले. स्वयंपाकघरात वैशालीने माझ्या बायकोला सांगितले की आता सासूबाई दोन्ही गोष्टी सांगतात. आधी वापरलेल्या ब्रशची, आणि मग सून आमच्या घरात आहे म्हणून तिच्या वडिलांना नाक घासायला लावले त्याची. ‘आईला सांगू नकोस,’ ती म्हणाली. ‘पप्पांना तर नाहीच.’ माझ्या बायकोने ते मला सांगितले, आणि आमच्या पुढे ते गेले नाही.

दुपारी फराळाला शेजारचे गृहस्थ आले. त्यांच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात होते. मनगट पुढे करून करून त्यांनाही साडूंचे सिद्धांत पाठ होते. ते म्हणाले, ‘जावयासाठी दाढीचा सेट घ्यायचाय. तुम्ही यातले तज्ज्ञ. ब्रश डुकराचाच ना?’

जावई चकली मोडत होते. वैशालीचा हात शंकरपाळ्यांच्या डब्यात होता, तो तिथेच राहिला. साडू म्हणाले, ‘बॅजर घ्या.’

‘पण तुम्ही तर नेहमी...’

‘बॅजर मऊ असतो. नवाकोरा घ्या. खोकं उघडू नका.’

शेजारी आणखी काही विचारणार होते, पण साडूंनी त्यांना त्यांच्याकडच्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारले आणि मग बोलणे तिकडेच गेले. त्यानंतर कोणीही विचारले तरी त्यांनी हेच उत्तर दिले. कारखान्यात दिले, सलूनमध्ये दिले, मलाही दिले. ज्याला खरे मत माहीत होते त्याच्यासमोरही ते बदलले नाही. नेरूळमध्ये सांगितलेली गोष्ट कोपरखैरण्यात वेगळी ऐकू आली तर ती कुठे पोहोचेल याचा त्यांनी हिशेब केला असावा.

संध्याकाळी दोघे निघाले. जावई स्कूटरला किक मारत होते. फाटकाशी साडू मुलीला म्हणाले, ‘तिथे आता कोणी काही बोलत नाही ना?’

‘नाही, पप्पा. आता कोणी काहीच बोलत नाही.’

‘मग झालं.’

ती मागे बसली. पदर चाकात जाऊ नये म्हणून सावरत होती, त्यामुळे वळून पाहायचे राहिले. स्कूटर वळणाआड गेली तरी साडू फाटकाची कडी धरून उभे होते. मी म्हटले, आत चला. ‘चला,’ ते म्हणाले, ‘थंडी पडायला लागली.’ त्यांनी खांद्यावरचा पंचा गळ्याभोवती घेतला. थंडी अजून पडली नव्हती. मीही माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि आम्ही आत गेलो.